पोहे खाल्लेला डॉक्टर

त्या वर्षी आमच्या घरातलं एकही दार बंद होत नसे. तशी दारं होतीच किती? दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समधला एका बेडरूमचा फ्लॅट. बाहेरचं एक, बेडरूमचं एक, बाथरूमचं एक आणि बाल्कनीचं काचेचं, सरकतं. बाहेरच्या दाराला आईने तांदळाची पिशवी टेकवून ठेवली होती. त्यामुळे आमच्याकडे काय शिजतंय, कोण कुठे लोळतंय आणि माझ्या धाकट्या भावाला, ओंकारला, गणितात किती पडले, हे कॉरिडॉरमधून जाणाऱ्या कुणालाही न थांबता कळे. समोरच्या लेबनीज बाईंचं मांजर आमच्या सोफ्यावर झोपायला येई आणि उठवलं तर जणू आम्हीच पाहुणे आहोत अशा नजरेने बघे. एसी दिवसरात्र घरघरत असे, पण त्याने थंड व्हायचा तो सबंध तिसरा मजला, आम्ही घामाघूमच. वॉचमन एकदा आईला म्हणाला, "भाभीजी, आपका घर तो मेट्रो स्टेशन हो गया." आईने त्याला चहा दिला. मेट्रो स्टेशनात तेवढं मिळत नाही.

खरी अडचण बाथरूमच्या दाराची होती. बाबा टॉवेल खांद्यावर टाकून उठले की घरात एक न ठरवलेली कवायत सुरू होई. ओंकार टीव्हीचा आवाज वाढवी. मी बाल्कनीत जाऊन खालच्या बागेतल्या गुळगुळीत गोट्यांकडे पाहत उभी राही. आमच्या इमारतींच्या गटाला बिल्डरने 'झेन' असं नाव दिलेलं होतं आणि त्याचा पुरावा म्हणून ते गोटे पसरले होते. आणि आई मिक्सर लावी. पुष्कळदा मिक्सरमध्ये काही नसे. नुसताच फिरे. आजही कुणाच्या घरी रिकामा मिक्सर घरघरताना ऐकला की मी आपोआप बाल्कनी शोधते.

बाबा फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर कामाला होते. मोठमोठ्या टाक्या रिकाम्या केल्या की त्यांच्या पोटात उतरून आतला पत्रा आणि जोड तपासायचे, हे त्यांचं काम. आठवडाभर तिकडे राहायचे आणि गुरुवारी संध्याकाळी घरी यायचे. त्यांच्याबरोबर टाकीत उतरणारे सलीमकाका हर्णैचे. टाकी एक, डबा एक, आणि भांडणही एकच: रत्नागिरीचा आंबा श्रेष्ठ की देवगडचा. बाबा देवगडचे. सुट्टीवरून येताना सलीमकाका आमच्यासाठी सुका जवळा आणत. तो कितीही पिशव्यांत गुंडाळलेला असला तरी आमच्या लिफ्टला आठवडाभर पुरे. बाबा त्यांना 'सल्या' म्हणत आणि ते बाबांना 'भटजी', कारण बाबा जवळ्याला हात लावण्याआधी दोनदा विचार करत आणि मग तिघांचा खात.

एका सकाळी दोघे टाकीत उतरले आणि आत जो वायू नसायला हवा होता, तो होता. बाबांना वर काढलं. सलीमकाकांनाही काढलं, पण तोवर उशीर झाला होता. यापेक्षा जास्त आम्हाला कितीतरी महिने माहीत नव्हतं, कारण बाबा सांगत नसत. विचारलं तर "झालं ते झालं" म्हणत, पुन्हा विचारलं तर "आपण काय करणार" म्हणत, आणि तिसऱ्यांदा विचारायचं धाडस फक्त ओंकारने केलं, तेव्हा त्याला "गणिताचा अभ्यास कर" असं उत्तर मिळालं. मराठीत न बोलण्यासाठी किती तयार वाक्यं आहेत, हे मला तेव्हा प्रथम कळलं.

कंपनीने बाबांना दुबईच्या ऑफिसात टेबलावरचं काम देऊ केलं. ऑफिस विसाव्या की बाविसाव्या मजल्यावर, न उघडणाऱ्या काचांचं. लिफ्टने वर जाऊन, दार लावून, दिवसभर एका खोलीत बसता आलं तर नोकरी आणि नोकरी असेल तर व्हिसा. नाहीतर आम्ही चौघं सामान बांधून देवगड. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि देवगड मला उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं फार आवडायचं. पण खरं सांगायचं तर व्हिसापेक्षा मला बाबांची काळजी होती. ते फार नम्र झाले होते. भाजीत मीठ जास्त झालं तरी "छान आहे" म्हणत. ज्या माणसाने आयुष्यभर आमटीवर परखड भाष्य केलं, तो घरात पाहुण्यासारखा वावरायला लागला, की घरच्यांना भीती वाटते.

कंपनीने एक वेलनेस अधिकारी पाठवला. त्याने लॅपटॉपवर मेंदूची रंगीत चित्रं दाखवली, बाबांना एक मऊ चेंडू दाबायला दिला आणि फोटो काढून घेतला. चेंडू बाबांनी ओंकारला दिला, ओंकारने मांजराला, आणि मांजराचा ताण पुष्कळ कमी झाला. मग कुणीतरी एका 'जीवन-शिल्पकारा'चा पत्ता दिला. त्याच्या कार्डावर नावापेक्षा पदव्यांना जास्त जागा लागली होती. त्याने बाबांना अंधाऱ्या खोलीत झोपवलं, दार लावलं आणि पितळी वाडगा वाजवला. बाबा वाडग्याचा नाद विरायच्या आत पार्किंगमध्ये होते. शिल्पकाराच्या मते ऊर्जा मोकळी होण्याचं ते लक्षण होतं.

त्यानंतर आईने सूत्रं हातात घेतली. तिच्या अटी दोन. पहिली, माणूस मराठी हवा. "हिंदीत कुणाला रडता येतं का?" ती म्हणे. दुसरी, मराठी मंडळाला यातलं अक्षर कळता कामा नये. या दोन अटी एकत्र पाळायच्या म्हणजे समुद्रात पोहायचं आणि केस ओले करायचे नाहीत, हे मी तिला सांगून पाहिलं. ओंकार म्हणाला, "मॉम, यू कॅन जस्ट बुक ऑनलाइन." आईने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. आपलं माणूस कुणाच्या हाती सोपवायचं तर चौकशी केल्याशिवाय कसं सोपवणार?

चौकशीचं मुख्य केंद्र होत्या दामलेकाकू. मंडळाच्या सांस्कृतिक विभागाच्या त्या प्रमुख, आणि निवडणूक न होता विवाह विभागाच्याही. श्रावणात एका हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये मंडळाची मंगळागौर होती. झुंबरांखाली, लाल गालिच्यावर बायका फुगड्या घालत होत्या आणि फिलिपिनो वेटर हातात मटकीच्या उसळीचे ट्रे घेऊन भिंतीला चिकटून उभे होते. काकू फुगडीनंतर धापा टाकत बसल्या, तेव्हा आईने त्यांना गाठलं. मंडळातल्या केळुस्करांचा अनिरुद्ध इथे मानसोपचाराचं काम करतो हे तिला ठाऊक होतं. पण तो काय काम करतो, याचा उल्लेख तिने कटाक्षाने टाळला. मुलगा स्वभावाने कसा आहे, शांत आहे का, समोरच्याचं ऐकून घेतो की आपलंच दामटतो, आता इथेच राहणार की कॅनडाला जाणार, आणि मूळ गाव कुठलं, एवढंच सहज विचारलं. काकूंनी उत्तरं दिली. देता देता त्यांची नजर हळूच माझ्याकडे वळली. मी उसळ खात होते. मला वाटलं, माझ्या साडीवर काही सांडलंय.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. आईने तो फोन आम्हाला पुढे इतक्यांदा वाचून दाखवल्यासारखा सांगितला की मला तो पाठ आहे. काकू म्हणाल्या, "तुम्ही बोलला नाहीत तरी मी ओळखलं हो. अजिबात काळजी करू नका, माझ्याकडून कुठे जाणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी मीच त्याला घेऊन येते. घरातलं वातावरण बघितल्याशिवाय कळत नाही ना." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. दामलेकाकूंविषयी आपण आजवर जे जे बोललो ते सगळं तिने मनातल्या मनात मागे घेतलं. डॉक्टर घरी येणार, तेही गुपचूप. घरातलं वातावरण बघणार. किती शास्त्रशुद्ध.

शुक्रवारी आईने कांदेपोहे केले. एवढ्या गोष्टीवरून मला संशय यायला हवा होता, पण आमच्याकडे प्लंबर आला तरी पोहे होत. बाबांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. मी घरातल्या विटक्या टी-शर्टात होते. मला कशाला कोण बघणार होतं? पाच वाजता उघड्या दारातून दामलेकाकू आल्या. त्यांच्यामागून खजुराचा डबा घेऊन केळुस्करकाकू, आणि सगळ्यात मागून अनिरुद्ध. उंच, चष्मा, आणि चेहऱ्यावर आईने ओढून आणलेल्या मुलाचा तो भाव. डॉक्टर स्वतःच्या आईला घेऊन का आला, याचा विचार आमच्या आईने क्षणभर केला. नंतर तिने आम्हाला सांगितलं, की केळुस्करकाकू त्याच्या अपॉइंटमेंट बघत असतील असं तिला वाटलं.

पुढचा अर्धा तास मी आजही मनातल्या मनात पुन्हा पाहते, कुठलाही सिनेमा पाहण्यापेक्षा आवडीने. केळुस्करकाकूंनी मला विचारलं, स्वयंपाक येतो का. मी म्हटलं, अंडं उकडता येतं. त्यांनी माझ्या टी-शर्टकडे बघितलं आणि दामलेकाकूंकडे बघितलं. दामलेकाकू घाईने म्हणाल्या, अभ्यासात फार हुशार आहे हो. आईला वाटलं, कुटुंबाची पार्श्वभूमी तपासताहेत, म्हणून तिने माझ्या दहावीपासूनचे मार्क सांगितले. केळुस्करकाकू म्हणाल्या, आमच्याकडे सगळं मोकळंढाकळं असतं, कुणाला कसलं दडपण नाही. आई म्हणाली, तेच हवंय आम्हाला. बाबा कोपऱ्यात दाराकडे तोंड करून नम्रपणे बसले होते.

मग केळुस्करकाकूंनी पदराने वारा घेतला आणि दारातून गरम झळ येतेय, ते जरा लावता का, असं म्हणाल्या. अनिरुद्ध उठला. त्याने वाकून तांदळाची पिशवी बाजूला केली आणि दार ढकललं. बाबा खुर्चीतून अर्धे उठले.  त्यांच्या हातातल्या बशीवर चमचा वाजायला लागला, बारीक, सारखा. अनिरुद्धने वळून पाहिलं. एकदाच. मग त्याने दार पुन्हा सताड उघडलं, पिशवी होती तिथे ठेवली, नीट बसवली, आणि जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढत नेऊन बरोबर उंबऱ्यावर मांडली. "मी इथेच बसतो," तो म्हणाला. "इथे बरं वाटतंय." कॉरिडॉरमध्ये ऑगस्ट महिना होता. त्याच्या शर्टाची पाठ बघता बघता ओली झाली. बाबांनी थोड्या वेळाने आपली खुर्ची उचलली आणि त्याच्या शेजारी नेऊन ठेवली. दोघे मांजराविषयी बोलायला लागले.

आईने हे पाहिलं आणि तिचा निर्णय झाला. हाच डॉक्टर. ती केळुस्करकाकूंच्या जवळ सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "एक विचारते, राग मानू नका. तुमच्याकडे देण्याघेण्याचं कसं असतं?"

केळुस्करकाकू ताठ झाल्या. "आम्ही काही घेत नाही. आमच्या घरात ती पद्धतच नाही."

"असं कसं? फुकट कसं चालेल? दर वेळेचं काहीतरी ठरलेलं असेल ना?"

"दर वेळेचं?" केळुस्करकाकूंचा आवाज चढला. "अहो, आम्हाला फक्त नारळ आणि मुलगी द्या."

"मुलगी कशाला?" आई म्हणाली. "मी यांच्याबद्दल बोलतेय." आणि तिने बाबांकडे बोट दाखवलं.

 दामलेकाकूंचा पोह्यांचा चमचा तोंडापाशी थांबला. मी कोण म्हणून इथे उभी आहे, हे मला आत्ता कळलं आणि टी-शर्टाविषयी पश्चात्ताप करावा की समाधान मानावं ते ठरेना. तेवढ्यात कुणीतरी हसलं. आधी खोकल्यासारखं, मग पोट धरून. मला वाटलं अनिरुद्ध. पण तो बाबांचा आवाज होता. तो आवाज आम्ही टाकीच्या दिवसापासून ऐकला नव्हता. आई इतकी लाजली होती, की तिच्या ते लक्षात यायला थोडा वेळ लागला. आलं तेव्हा तिने मटकन मांजरावरच बैठक मारली.

सगळा उलगडा झाल्यावर अनिरुद्धने बाबांना सांगितलं, की तो त्यांच्यावर उपचार करू शकत नाही. त्याच्या व्यवसायाचा नियम आहे: ज्यांच्याशी घरोब्याचे संबंध, त्यांना पेशंट म्हणून घ्यायचं नाही. आणि तो आता या घरात मुलगी बघायला आलेला माणूस झाला होता.

"पण तुम्हाला कुठे माहीत होतं? आम्हालाही नव्हतं," बाबा म्हणाले.

"पोहे खाल्ले ना, काका."

"पोहे काही परत घेता येत नाहीत," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरी निराशा होती. पुष्कळ महिन्यांनी त्यांना काहीतरी हवं होतं आणि ते मिळत नव्हतं. अनिरुद्धला ते दिसलं असावं. जाता जाता जिन्यात त्याने मला करामा भागातल्या एका समुपदेशक बाईंचं नाव दिलं, शायनी मॅडम, केरळच्या. म्हणाला, "त्यांना मराठी येत नाही आणि त्या मंडळात कुणाला ओळखत नाहीत. हे दोन्ही फायदे समजा."

मंडळात बातमी व्हायची ती झालीच. केळुस्करांकडून नकार आला, मुलगी म्हणे अंडं उकडते. आईने ती बातमी खोडून काढली नाही. खोडायची तर खरं सांगावं लागलं असतं. त्या दिवाळीत मला मंडळाच्या निम्म्या बायकांनी पाठीवर हात फिरवून "होईल गं" म्हटलं आणि फराळाचं ताट जरा जास्तच भरून दिलं. मी ते बाबांसाठी सोसलं, चकल्यांसकट. दामलेकाकूंनी मात्र बाबांविषयी खरोखर कधीही कुणालाही काही सांगितलं नाही. मी आजवर पाहिलेला हा एकमेव चमत्कार. आणि वाचकांच्या मनात जे आलं असेल त्याविषयी: नाही, माझं लग्न अनिरुद्धशी झालं नाही. त्याने अबू धाबीच्या एका दातांच्या डॉक्टरणीशी केलं. आम्ही चौघंही जेवून आलो.

शायनी मॅडमचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता, म्हणजे जिन्याने जाता येई. दिवसाची शेवटची वेळ त्या बाबांना देत, म्हणजे दार उघडं ठेवता येई. बाहेर कॉरिडॉरमध्ये एक टेबलफॅन लावून ठेवत, म्हणजे मला ऐकू येत नसे. मॅडमचं हिंदी केरळचं आणि बाबांचं हिंदी टर्मिनलचं, मेरेकू-तेरेकूवालं, मधूनमधून अरबी यल्ला आणि खलास. पहिल्या दिवशी परत येताना बाबा वैतागले होते. ती बाई साधं काही विचारते आणि मला शब्दच सापडत नाहीत, म्हणाले. 'झालं ते झालं'ला हिंदीत काय म्हणतात, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं नाही. मला तेव्हा मानसशास्त्रातलं काही कळत नव्हतं, पण ते वाक्य त्यांच्या हाती लागू नये एवढं कळत होतं.

गाडी मी चालवत असे, चारही काचा खाली करून. शेख झायेद रोडवर त्या वेगाने वारा असा आत घुसे, की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. थंडी सुरू होता होता एका संध्याकाळी बाबांनी ओरडायला सुरुवात केली. 

"ती विचारते, दरवाजा किसके लिए खुला रखते हो!"

"मग?" मी ओरडले.

"मी म्हटलं, मेरे लिए! मला बाहेर पडता यायला नको? तर म्हणते, आप तो बाहर आ गए!"

बाजूने एक ट्रेलर गेला. "काय?"

"आप तो बाहर आ गए!" बाबांनी तोंडाभोवती हात धरले. शेजारच्या लेनमधल्या पिकअपमधून दोन माणसं आमच्याकडे बघायला लागली. "मग माझ्या लक्षात आलं, केतकी! सल्या आत होता ना! मी वर आलो, सल्या आत होता! दार कसं लावणार?"

एवढी हळू सांगायची गोष्ट इतक्या मोठ्याने सांगितलेली मी पुन्हा कधी ऐकली नाही. मी फक्त मान हलवली. रस्त्यावर नजर ठेवायची होती, आणि ती ठेवणं अवघड जात होतं.

घरी आल्यावर आईने बाबांच्या डोळ्यांकडे पाहिलं. "रडलात?"

"रडलो."

"हिंदीत?"

"हिंदीत," बाबा म्हणाले आणि आमटी चाखून, मीठ जास्त पडलंय, असं म्हणाले. आई वाढता वाढता थांबली. मग तिने सावकाश सांगितलं, की ज्यांना आवडत नसेल त्यांनी दही घ्यावं.

त्यानंतर लगेच सगळं ठीक झालं असं नाही. बाबा लिफ्टमध्ये पुढच्या उन्हाळ्यात चढले, तेही ओंकारचा दंड धरून; कंपनीने तोवर जागा राखून ठेवली होती, आणि त्या ऑफिसात निवृत्त होईपर्यंत त्यांच्या केबिनच्या दारात एक पेपरवेट अडकवलेला असे. त्याच वर्षी पावसाळ्यात ते एकटे हर्णैला, सलीमकाकांच्या घरी जाऊन आले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पण येताना सुका जवळा आणला आणि तो स्वतः निवडत बसले.

मला आठवतो तो त्याच्या आधीचा, हिवाळ्यातला एक शुक्रवार. सकाळची वेळ. बाबांनी टॉवेल खांद्यावर टाकला. ओंकारने टीव्ही मोठा केला, मी बाल्कनीकडे निघाले, आईने मिक्सरचं बटण दाबलं. आणि त्या सगळ्या गोंगाटाखालून मला तो आवाज आला. बाथरूमच्या दाराच्या मुठीत एक छोटा खटका होता. तो फिरवला की 'टक्' व्हायचं. मी हात वर केला. ओंकारने टीव्ही बंद केला. आईने मिक्सर बंद केला. आम्ही तिघं त्या बंद दारासमोर येऊन उभे राहिलो; मांजर आलं, तेही बसलं. आत नळाचा आवाज होता. मग तोही थांबला.

"इज ही ओके?" ओंकार कुजबुजला.

आईने दाराला कान लावला. "अहो," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, "अहो, ऐकताय ना?"

"अगं, जरा निवांत बसू देशील का?" बाबा आतून खेकसले. "या घरात माणसाला एक दार लावायची सोय नाही."

आई स्वयंपाकघरात गेली आणि तिने मिक्सर पुन्हा लावला. बराच वेळ लावून ठेवला. मी डोकावून पाहिलं. त्यात काही नव्हतं.